एक्केचाळिसावा हजर

ते पत्र येऊन दोन वर्षं झाली होती आणि सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मनातल्या मनात सतरा उत्तरं लिहून झाली होती. तीन वेळा तर कॉम्प्युटर उघडून, पत्रात दिलेला ई-मेलचा पत्ता टाकून, 'प्रिय' एवढं लिहून सर पाणी प्यायला उठले होते. पाणी पिऊन झाल्यावर मात्र ते त्या खुर्चीकडे फिरकत नसत.

पत्र एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. तीस वर्षांपूर्वी सहावीत होता, आता बेचाळिशीला आलेला. त्याने लिहिलं होतं: 'सर, त्या वर्षी मी एकही दिवस शाळा बुडवली नाही. तरी हजेरीपटात एक दिवस गैरहजेरी लागली आणि पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र गेलं. त्या दिवशी मी वर्गातच होतो. आई अजून विचारते, कुठे उंडारत होतास? ती आता ऐंशीची आहे. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर बरं होईल.'

सरांना तो दिवस लख्ख आठवत होता. गैरहजेरीची खूण केली आणि शेवटच्या बाकावरून 'हजर, सर' आलं, इतकं बारीक की खडूच बोलला असं वाटावं. सरांनी ते ऐकलं होतं. पण हजेरीपटात खाडाखोड केली की शेजारी मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागे, आणि तेव्हाचे मुख्याध्यापक समोरून येताना दिसले की सर जिना बदलत. त्यांनी पान उलटलं. आता हे कुठल्या तोंडाने लिहायचं? मुलं त्यांना पाठीमागे 'पुटपुटे सर' म्हणत. एका पुटपुट्याने दुसऱ्याचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एवढाच त्याचा अर्थ.

निवृत्तीला चार महिने उरले असताना शाळेत कॉम्प्युटरच्या बाई आल्या. शिक्षकांना पाच सोप्या युक्त्या शिकवायच्या, त्याही मोफत, असं त्यांनी ठरवलं होतं. सर पहिल्याच दिवशी हरखून गेले. हजेरीचा ऑनलाइन फॉर्म म्हणजे वही नाही, शाई नाही आणि खाडाखोडही नाही! घरी येऊन त्यांनी छाती पुढे काढून जाहीर केलं, "उद्यापासून माझी हजेरी मोफत होणार."

"मग इतके दिवस काय तिकीट लावत होतात?" बायको म्हणाली.

फॉर्ममध्ये तीन रकाने होते. हजेरी क्रमांक, हजर की गैरहजर, आणि 'सरांना काही सांगायचंय?' तो रोज सकाळी सातला आपोआप घरोघरी जाई. मुलं आईवडिलांच्या फोनवरून भरत. सोमवारी सर चहाचा कप घेऊन बसले आणि एकेक ओळ उमटताना पाहू लागले. सात नंबरने कळवलं होतं की पाण्याचा नळ गळतो. बारा नंबरने कळवलं होतं की सात नंबर खोटं बोलतो. मग बेरीज झाली: हजर एक्केचाळीस.

वर्गात मुलं चाळीस होती.

सरांनी आधी स्वतःवर संशय घेतला. ती त्यांची जुनी सवय. वर्गात जाऊन त्यांनी डोकी मोजली, मग उलटीकडून मोजली. दोन्हीकडून चाळीस. फॉर्ममध्ये मात्र शेवटची ओळ होती: 'क्रमांक ४१. हजर.' वेळ सात वाजून दोन मिनिटं.

मंगळवारी पुन्हा सात वाजून दोन मिनिटं. तिसऱ्या रकान्यात दोन शब्द: 'शेवटचा बाक.' सर वर्गात गेले तेव्हा खिडकीपाशचा शेवटचा बाक रोजच्यासारखा रिकामा होता. पण रिकाम्या बाकावर असावी तेवढी धूळ त्यावर नाही, असं त्यांना वाटलं. बुधवारी ओळ आली: 'खिडकीपाशी बसलोय, सर.' त्या दिवशी सरांनी फळ्याकडे पाठ करून शिकवलं. फळ्यावर लिहायचं तेसुद्धा हात मागे नेऊन लिहिलं. मुलांना अक्षरात काही फरक जाणवला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी शाळेतल्या कपाटाच्या तळातून तीस वर्षांपूर्वीचा सहावीचा हजेरीपट काढला. बोट खाली सरकवत नेलं. पत्र लिहिणाऱ्या मुलाचा क्रमांक एक्केचाळीस होता.

सर तिथेच जमिनीवर बसले. दोन वर्षं आपण उत्तर दिलं नाही. तो बिचारा वाट पाहून पाहून गेला, आणि आता स्वतःच हजेरी द्यायला येतोय! घरी त्यांनी बायकोला एवढंच विचारलं, की माणूस गेल्यावर त्याला पत्र पोचतं का. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि गुरुवारी घरी राहा म्हणाली. पण शुक्रवारी सरांचं प्रात्यक्षिक होतं. साऱ्या शिक्षकांसमोर पाच युक्त्या दाखवायच्या होत्या, आणि गुरुवारी घरी राहणं म्हणजे त्या फॉर्मबरोबर एकटं राहणं होतं.

शुक्रवारी वर्ग खचाखच भरला. मुलं बाकांवर, शिक्षक भिंतीला टेकून. मुख्याध्यापिका बाईंना बसायला एकच जागा उरली होती. त्या शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी जाऊन बसल्या. सरांच्या तोंडून "तिथे नको" निघालं, पण नेहमीसारखं ओठांतच राहिलं.

पहिली युक्ती होती क्रमांकांचं चाक. फिरवायचं, आणि ज्याचा क्रमांक येईल त्याने उत्तर द्यायचं. सकाळच्या फॉर्ममधले क्रमांक चाकात आपोआप भरले होते. भिंतीवरच्या पडद्यावर चाक गरगरलं, रेंगाळलं आणि थांबलं. एक्केचाळीस. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. कॉम्प्युटरच्या बाई हसून म्हणाल्या की कधीकधी होतं असं, आणि त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा एक्केचाळीस. चित्रकलेच्या सरांना एकाएकी स्टाफरूममधला दिवा बंद करायचं आठवलं.

सरांनी घाईघाईने दुसरी युक्ती घेतली. हजेरीचा फॉर्म मुद्दाम पुन्हा पाठवून दाखवला. आता काही कोणी भरणार नव्हतं, कारण मुलांजवळ फोन नव्हते. चाळीस मुलांचे ऐंशी हात बाकांवर होते. पडदा कोरा.

अर्ध्या मिनिटाने एक ओळ उमटली.

'क्रमांक ४१. हजर. शेवटचा बाक, खिडकीपाशी. सर, आज तरी ऐकू आलं का?'

वीस वर्षांत कोणाला न भ्यालेल्या मुख्याध्यापिका बाईंनी दोन्ही पाय वर घेतले. मग त्या अगदी सावकाश बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, जणू कोणाला जागा करून देत होत्या. पहिल्या बाकावरची मुलगी हुंदके देऊ लागली. त्या रिकाम्या टोकाकडे पाहता पाहता, पस्तीस वर्षांच्या नोकरीत लागला नव्हता असा सरांचा आवाज लागला.

"ऐकू आलं रे! त्या दिवशीही आलं होतं."

मागच्या भिंतीपर्यंत ते स्पष्ट पोचलं. कॉम्प्युटरच्या बाईंनी मात्र तोवर चष्मा नाकावर चढवला, बाजूला मिटून ठेवलेला एक रकाना उघडला आणि त्यातला ई-मेलचा पत्ता वाचून विचारलं, "सर, हे कोण? वर्गातलं तर दिसत नाही."

तो पत्ता सरांना तोंडपाठ होता. तीन वेळा त्यांनी स्वतःच टाकला होता. बाईंनी विचारलं, फॉर्म पाठवताना पत्ते कसे निवडलेत? सर ओशाळून म्हणाले की 'सगळे निवडा' असं बटण होतं, आणि आपल्याला वर्गाबाहेर ओळखतं कोण, म्हणून दाबलं. म्हणजे तो गृहस्थ जिवंत होता. सरांनी अखेर हजेरी घेतली असं समजून तो रोज सकाळी इमानेइतबारे भरत होता.

मग सरांनी सगळ्यांसमोर ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली, मुख्याध्यापकांच्या भीतीसकट. मुख्याध्यापिका बाई पाय खाली सोडून उठल्या. जुना हजेरीपट मागवला, सरांच्या हातून ती गैरहजेरी खोडून घेतली आणि शेजारी सही ठोकली. आता लगेच ई-मेल करा, एका सेकंदात पोचेल, असं कॉम्प्युटरच्या बाईंनी सुचवलं. सर म्हणाले की मुलाला सांगून काय उपयोग? त्याला ठाऊकच आहे. पटायला हवं ते आईला.

त्यांनी कागदावर, हाताने, त्याच्या पत्रावरच्या घरच्या पत्त्यावर थेट आईला लिहिलं. मुलगा त्या दिवशी वर्गात होता, चूक माझी होती आणि ती मला तेव्हाच कळली होती, असं लिहिलं. संध्याकाळी बायकोला बरोबर घेऊन ते टपालपेटीपाशी गेले, पत्र आत सोडलं आणि हलके होऊन परत फिरले.

"खाली सही केलीत ना?" बायकोने विचारलं.

सर थांबले. तीस वर्षं पोरावर विश्वास न ठेवलेल्या बाईला आता एक बिनसहीची चिठ्ठी मिळणार होती, की तुमचा मुलगा गुणी आहे. ती कोणी लिहिली असेल, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. पेटी उघडायला माणूस आला तेव्हा सरांनी त्याची विनवणी केली. पण टाकलेलं पत्र परत देता येत नाही, असं म्हणून तो पिशवी खांद्याला लावून चालता झाला.

बायकोने समोरच्या दुकानातून पाकीट, कागद आणि तिकीट आणलं. सरांनी पेटीवरच कागद ठेवून सगळं पुन्हा लिहिलं, 'आधीचं बिनसहीचं पत्रही माझंच आहे' हे जोडलं आणि शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढी मोठी सही केली. बायकोने सही तपासली, तिकीट तपासलं, पत्ता तपासला. पत्र पेटीत पडलं.

पेटीचं झाकण खाली आल्यावर सरांच्या ध्यानात आलं, की पत्राच्या डोक्यावर आपण तारीख टाकली ती आजची नव्हे, त्या दिवसाची, तीस वर्षांपूर्वीची. म्हणजे उत्तर तेव्हाच लिहिलं होतं, उशीर झाला तो टपालात. सरांनी बायकोकडे पाहिलं आणि घराची वाट धरली.