ओव्हाळ सरांची देखरेख

ओव्हाळ सरांच्या वरच्या खिशात पेन नसतं, आयोडिनची छोटी बाटली असते. ते आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. लोणावळ्यात फज घ्यायला गेलं की सर आधी नमुना मागतात, त्यावर एक थेंब टाकतात आणि दुकानदाराच्या तोंडाकडं बघत उभे राहतात. थेंब काळानिळा झाला की मालात पीठ मिसळलंय, हा त्यांचा न्याय. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या पनीर तपासलं. पनीर चोख निघालं, तर सरांचा चेहरा पडला. "एवढं चोख कसं काय?" म्हणाले. तेव्हापासून माझी वहिनी त्यांना आमंत्रण देऊ देत नाही.

"बघू, काय निघतंय," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी तापानं रजा घेतली की दुपारी त्यांचा फोन. "थंडी वाजून ताप, का बिनथंडीचा?" हवामान खात्यापासून कॅन्टीनच्या चटणीपर्यंत कशावरच त्यांचा विश्वास नाही. अशा माणसाला आमच्या प्राचार्य मॅडमनी मुलांच्या होस्टेलचा रेक्टर केलं, यात नवल ते काय!

मग इद्रीस आला.

तो सुदानचा. पुण्यात शिकायला यायचं ठरलं आणि तिकडं लढाई पेटली. घर सोडून आई आणि बहिणी सीमेपलीकडच्या निर्वासित छावणीत गेल्या, हा कसाबसा इथं पोचला. पुण्याच्या होस्टेलात जागा नव्हती म्हणून विद्यापीठानं आम्हाला विचारलं, तुम्ही घ्याल का? मॅडम हो म्हणाल्या.

"गुणपत्रिका कुठाय?" सरांचा पहिला प्रश्न.

"त्याचं कॉलेज जळालं, सर."

"कॉलेज जळालं! आणि हा बरा वाचला?"

कागद नसलेल्यांची तोंडी परीक्षा घ्या, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. परीक्षक अर्थातच ओव्हाळ सर. दुपारचा चहा दोनदा गार झाला तरी दार उघडेना. शेवटी इद्रीस घाम पुसत बाहेर आला, मागून सर.

"कसा आहे?" मी विचारलं.

"सगळी उत्तरं बरोबर. म्हणून तर संशय येतोय."

त्यानंतर सरांची पाळत सुरू झाली. हा रविवारी चर्चमध्ये, मशिदीत, बाजारात, कुठंच का जात नाही? गॅलरीत बसून फोनकडं नुसता बघत का राहतो? मी म्हटलं, छावणीतून फोन लागत नसेल. "बघू, काय निघतंय," सर म्हणाले.

आणि एका शनिवारी ते मला शोधत लायब्ररीत आले. डोळे चमकत होते. "चला. पंच म्हणून चला. पोरगं खोलीत दारू गाळतंय."

इद्रीसच्या खाटेखाली फडकं बांधलेलं पातेलं होतं. फडकं सोडताच आंबूस वास खोलीभर झाला. इद्रीस भिंतीला टेकून उभा, हात मागं घेतलेले, जणू झडती द्यायची त्याला सवय होती. सरांनी बाटली काढली. थेंब पडला आणि पांढऱ्या लापशीवर काळानिळा डाग पसरला.

"म्हणजे काय निघालं?" मी विचारलं.

"पीठ," सर नाराजीनं म्हणाले. मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि तसेच थांबले. "अरे, ही आंबील आहे. ज्वारीची. माझी आई करायची."

इद्रीस मोडक्या हिंदीत म्हणाला, "किस्रा, सर. तव्यावर डोशासारखं पातळ टाकायचं. आमच्याकडं रोज हेच खातात. पीठ कामशेतच्या गिरणीतून आणलं."

"मग खाटेखाली का लपवलंस?"

"इथं कशाला परवानगी आहे, कशाला नाही, ते अजून कळत नाही."

सरांनी पातेल्याला फडकं स्वतःच पुन्हा बांधलं.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली. सुट्टीत होस्टेल बंद राहतं, मुलं घरी जातात. इद्रीस कुठं जाणार? होस्टेल समितीची बैठक बसली. एक सभासद म्हणाले, "परका माणूस, मागंपुढं कोणी नाही. उद्या काही झालं तर? विद्यापीठाला सांगा, तुमचं पोरगं परत न्या." दोघातिघांनी माना हलवल्या. मग सगळे ओव्हाळ सरांकडं वळले. एवढा संशयी माणूस, तो काय सांगणार हे ठरलेलंच होतं.

सर उठले. "मी त्याच्यावर आल्या दिवसापासून नजर ठेवली. निघाली काय, तर आंबील." कोणी तरी हसलं. सर हसले नाहीत. "माझ्या वडलांना शाळेत बसवायचं का, यावर गावात अशीच बैठक झाली होती. तितं पण असंच म्हणत होते, उद्या काही झालं तर. एका मास्तरांनी सांगितलं, माझ्या जबाबदारीवर बसू द्या. म्हणून मी आज हितं उभा आहे."

एरवी पुणेरी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून त्यांचं गावचं 'तितं-हितं' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"जबाबदारी कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी. सुट्टीत तो माझ्या घरी राहील."

सरांचं घर कामशेतला, दोन खोल्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या घरी कोणी पाहुणा गेल्याचं मला तरी आठवत नाही. सुट्टीत मी फराळ घेऊन गेलो, तर दोघं ओसरीवर भांडत होते. इद्रीसचं म्हणणं, सर फार हळू हळू मिरची चिरतात. सरांचं म्हणणं, हा पोरगा भाजीत शेंगदाण्याचं कूट टाकून रस्सा बिघडवतो. मला बसा म्हणायचंही दोघांना सुचलं नाही. शेजारच्या मावशी हसून म्हणाल्या, "लय गडबड असती आता हितं. आदी कसं सामसूम असायचं."

सुट्टी संपली, इद्रीस होस्टेलात परतला. आठवडाभरानं सर मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी तिथंच होतो. "होस्टेलच्या वायरिंगचा काही भरवसा नाही," सर म्हणाले. "पाण्याचंही तपासायला पाहिजे. सुरक्षेच्या दृष्टीनं तो मुलगा माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली असलेला बरा."

"सर, अजून संशय आहे त्याच्यावर?"

सरांनी खिशातली आयोडिनची बाटली चाचपली. "नाही," म्हणाले. "सुट्टीत संध्याकाळी बाहेरून घरी आलो की कोणी तरी दार उघडायचं."

मॅडमनी सावकाश मान हलवली. "मग त्यालाच विचारा की."

सर माझ्याकडं वळले. आवाज एकदम खाली आला. "तुम्ही विचाराल का? मला नाही म्हणाला, तर…"

मी गेलो. इद्रीस गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी सांगितलं. ओला सदरा हातातच राहिला. मग मेसच्या बायकांकडून उचललेल्या मराठीत तो म्हणाला, "व्हय, येतो की. आज येऊ का उद्या?"