पंचवीसची सळई

मखमलाबादच्या भिमाजींना भिंत बांधायची होती ती धाकट्या भावाखातर. वर भिमाजींचं नवं घर, पुरुषभर खाली केरूचा झेंडू. गेल्या पावसाळ्यात वरची माती खाली उतरली, झेंडू गाडला गेला आणि केरूने बोलणं टाकलं. यंदा मिरगाआधी भिंत झाली तरच दसऱ्याला सोनं द्यायला येईन, असा त्याने बायकोकरवी निरोप धाडला होता.

इंजिनिअरने चिठ्ठी दिली: पोकळ सिमेंट ब्लॉक, एकाआड एक पोकळीत बारा एमएमची उभी सळई, मातीच्या अंगाला, आणि वरून काँक्रीट. भिमाजींना हे फारच किरकोळ वाटलं. बारा एमएम म्हणजे जेमतेम करंगळी. भावाभावांचं नातं करंगळीवर कसं तोलायचं?

म्हणून त्यांनी मेहुण्याला विचारलं. झुंबर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता, त्यामुळे त्याला लहान काही दिसतच नसे.

"दाजी, आमच्या चिमणीच्या पायात पंचवीसची हाय. इतकी वर्सं झाली, हालली का?"

चिमणी हालली नव्हती, हे खरंच होतं. चिमणी माती अडवत नाही, असं भिमाजींच्या बायको भागुबाई म्हणाल्या. पण त्या स्वतःच्या भावाविरुद्ध बोलत होत्या, म्हणून भिमाजींनी तो फक्त घरगुती राग समजून सोडून दिला.

ट्रॅक्टरभर पंचवीसची सळई आली. यादव मिस्त्री बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. पायात रोवायला प्रत्येक सळईचं टोक काटकोनात वाकवायचं होतं. दोन दिवस चार माणसं लोखंडी पाइप लावून झटली. पाइप वाकला. दुकानदार माल परत घ्यायला तयार झाला, पण ट्रॅक्टर सोमवारी मिळणार होता. तोवर भिमाजींनी थप्पी अगदी कडेला रचायला लावली. थोरल्याने किती मनावर घेतलंय, ते केरूला खालून दिसायला हवं होतं.

कड मात्र पायाच्या चराने आधीच ढिली झाली होती. रविवारी दुपारी भिमाजींच्या हातात चहा असताना कड, थप्पी आणि मागोमाग ब्रासभर माती केरूच्या नव्या रोपांवर जाऊन बसली.

ते धावत खाली गेले तेव्हा केरू तिथेच उभा होता. वर्षात पहिल्यांदा तो बोलला.

"दादा, पाऊस तर आला नाय अजून."

"चुकलं माझं," भिमाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

केरूने एक सळई उचलून पाहिली, पण तिचं टोकच तेवढं उचललं गेलं. बांधापलीकडे पडलेला आंबा ज्याच्या रानात पडला त्याचा, हा वडिलांनी दोघांना घालून दिलेला नियम होता. केरूने तो आता लोखंडाला लावला.

"माती तुझी, ती घेऊन जा. सळई माझी."

भिंत मिरगाआधी उभी राहिली, चिठ्ठीतल्या करंगळीवरच, आणि पावसाळाभर जागची हालली नाही. केरूने पंचवीसच्या सळया खांबांसारख्या रोवून कारल्याचा मांडव घातला. तसा मजबूत मांडव पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

दसऱ्याला केरू सोनं घेऊन आला, सोबत पिशवीभर कारली. भिमाजींना कारलं लहानपणापासून घशाखाली उतरत नसे आणि केरूला ते पक्कं ठाऊक होतं. भागुबाईंनी भाजी वाढली. भिमाजींनी मुकाट्याने खाल्ली आणि पुन्हा वाढून घेतली.

"कडू हाय का, दादा?"

"नाय रे," भिमाजी म्हणाले.