एक हात खिशात

नाना बोरसे डावा हात खिशातून काढत नसत. सुरतजवळच्या आमच्या भेस्तानच्या सोसायटीत आरतीला सगळे टाळ्या वाजवायचे. नाना उजव्या हाताने मांडीवर ताल धरायचे. दार उघडणं, चहा गाळणं, केस विंचरणं, सगळं एका हाताने. मुलीच्या लग्नात भटजींनी कन्यादानाला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, तेव्हा नानांनी आधी मांडवाची मेन बंद करायला लावली म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण यात खोटं काही असेल असं मला वाटत नाही.

नाना मूळचे अमळनेरकडचे, पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंगमध्ये इलेक्ट्रिशियन. वॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करता करता त्यांना ही सवय लागली होती. वॉल्व्हच्या डब्यात करंट फार मोठा. "दोन्ही हात लागनात ते करंट छातीमाईन जास, भाऊ," ते मला अहिराणीत बजावत. "एक हात खिशामा, म्हणजे माणूस घर येस." विजेपुरतं हे मलाही पटलं असतं. पण नाना मेथी निवडतानाही तसेच बसत.

मी बँकेत होतो. दिवसभर काउंटरवर गुजराती, हिंदी आणि मराठी तिन्हींतून तेच तेच बोलून बसला लोंबकळत घरी यायचो. त्या वेळी माझं एवढंच मागणं असायचं, की कोणी माझ्याशी बोलू नये. चप्पल काढतो न काढतो तोच पलीकडून नानांची भिंतीवर टकटक व्हायची. बायको म्हणायची, "जा, तुमच्याशिवाय तिकडे तार हलत नाही."

ही तार गिटारची. प्लेगने सुरत रिकामी केली त्याच्या पुढच्या वर्षी नानांनी भंगारातून वॉल्व्हचा एक अँप्लिफायर आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रातून निकालात निघालेली एक गिटार आणली. वाजवता त्यांना येत नव्हती, मलाही नाही. जोडून पाहिली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. नाना इरेला पेटले. वॉल्व्हच्या आधी एक ट्रान्झिस्टर बसवायचा असं त्यांनी ठरवलं.

"वॉल्व्ह म्हातारा शे," त्यांनी मला समजावलं. "गिटार बारीक बोलस, त्याले ऐकू येत नही. मधमा कोनी तरी जोरमा सांगनारा पाहिजे."

तपासताना त्यांचा डावा हात खिशात, उजव्यात मीटरची पिन. म्हणून तार छेडायला मी. "नाना, तो दुसरा हात काढा की," असं एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

मी तार छेडायचो, नाना स्पीकरला कान लावायचे आणि म्हणायचे, "आवाज नही ऊना." मग ट्रान्झिस्टर बदल, रेझिस्टर बदल. एकदा नुसतीच घरघर आली. एकदा तार छेडली तर गिटारमधून कापसाचे बाजारभाव ऐकू आले, स्वच्छ गुजरातीत. ट्रान्झिस्टरने कुठलंसं रेडिओ स्टेशन धरलं होतं. ते अडवायला नाना त्यावर पत्र्याचा डबा ठोकायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या, इथे निदान कोणी तरी बोलतंय. मग चहा. मग मुलीच्या सासरचं, नंदुरबारचं, कालचंच थोडंसं. नानांची बायको वारल्यापासून त्या घरात दोनच कपबशा बाहेर असत. मी जांभया देत दुसऱ्या कपातला चहा प्यायचो आणि घरी यायचो.

उन्हाळ्यात माझी भुसावळला बदली झाली. त्या संध्याकाळी टकटक झाली तेव्हा मी गेलो आणि तार छेडायच्या आधीच सांगून टाकलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटत होतं.

नानांनी सोल्डरगन लावली. ती तापेपर्यंत थांबले. मग ट्रान्झिस्टरचा एक पाय सुटा होता, त्याला एकच डाग दिला आणि बटण दाबलं.

"छेडा, भाऊ."

छेडली. कपाटाच्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "शुं थयुं?" एवढा भरदार आवाज त्या तारेत होता हे मला ठाऊकच नव्हतं.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"इतलंच."

"हे कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"नवरातपाईन." ते टेबलाकडे बघत राहिले. "जोडी टाकं असतं, ते तुम्ही कसाले येतात?"

म्हणजे नवरात्रापासून मी एक मुकी तार छेडत होतो. चिडायला हवं होतं. पण मला त्या दोन कपबशा दिसल्या आणि फार वाईट वाटलं.

नानांनी अँप्लिफायर बंद केला. प्लग काढला. आत उरलेला करंट स्क्रू-ड्रायव्हर टेकवून घालवला. मग डावा हात खिशातून बाहेर काढला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो डावा हात उजव्यापेक्षा बराच मऊ होता.

पलीकडून माझ्या बायकोने भिंतीवर टकटक केली, तेव्हा कुठे त्यांनी सोडला.