मंडळाच्या भिंतीवरील अकरा लेख

भिंतीवर लिहिणे हा सामान्य नागरिकाचा आद्य हक्क होय, असे नाशिकच्या प्राचीन लेख संशोधन मंडळाने १९८३च्या मे महिन्यात छापील पत्रकाद्वारे जाहीर केले. विधान निर्विवाद होते. फक्त तो नागरिक रोमन असावा आणि मरून त्याला किमान अठराशे वर्षे झालेली असावीत, या दोन अटी जागेअभावी राहून गेल्या.

पत्रकासोबत प्रदर्शनही होते. राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरातील भिंतींची छायाचित्रे: कोणाचे कोणावर प्रेम आहे, मत कोणाला द्यावे, कोणता खाणावळवाला दारूत पाणी घालतो. (शेवटच्या लेखासमोर मंडळाचे सचिव निवृत्तीराव गहिवरले.) या छायाचित्रांवरची धूळ पुसण्याचे काम सहादूकडे होते. नऊ वर्षे तो हंगामी होता. जूनपासून कायम होणार होता.

मंडळाच्या सेवक-चाळीतला नळ आठ दिवस कोरडा होता. अर्ज करून झाले. अखेर सहादूने सकाळीच कोळसा उचलला आणि मंडळाच्या दर्शनी भिंतीवर लिहिले, 'चाळीला पाणी नाही.'

दुसऱ्या दिवशी भिंत धुवायला टँकर आला.

पुढे तेच वाक्य त्याच भिंतीवर आणखी दहा वेळा उमटले. मंडळाने शास्त्रशुद्ध नोंद ठेवली: अक्षरांची उंची नऊ इंच, माध्यम कोळसा, कालखंड चालू (सबब महत्त्व शून्य). 'आशय' हा रकाना कोरा राहिला. मग एका रोमन छायाचित्रावर काळे बोट उमटले आणि सहादू सापडला.

"आवो, नाय म्हणा," त्याची बायको चांगुणा म्हणाली. "जून तोंडावर आलाय."

"बोट माझंच हाय."

"मंग सांगा, चूल पेटवत व्हतो."

"मी चूल पेटवली, हे कुणी मानंल का?"

चौकशीत निवृत्तीराव कळवळून म्हणाले, "अरे, अर्ज करायचा!"

"तीन केले, साहेब."

"मग उत्तराची वाट पाहायची. त्या रोमन लोकांनी नाही पाहिली?"

सहादूला मे महिन्यातच सेवामुक्त करण्यात आले. आदेशाला जोडलेला त्याचा कबुलीजबाब शब्दशः असा:

"पहिला लेख मी वाचणाऱ्यांसाठी लिहिला. दिवसभर शिकलेली माणसं थांबून वाचून गेली. एकजण म्हणाला, अक्षर चांगलं हाय. पाण्याचं कुणी इचारलं नाय. सकाळी पुसायला टँकर आला. भिंत धुऊन अर्धा उरला, तो चाळीनं भरून घेतला. बाकीचे दहा मी पुसणाऱ्यांसाठी लिहिले."