आप्पांचे दोन हात

"सूनबाई, तुझा हात दे जरा," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"कशाला?"

"दे म्हणतो ना. तो बीपीचा पट्टा तुझ्या दंडाला बांध. फोनवर डॉक्टरबाईंना आकडा दिसला की झालं. हात कुणाचा ते कुठं दिसतंय?"

आप्पांनी उभा जन्म रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काढला होता. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नव्हतं. पण साथ आली, दवाखाना फक्त तापवाल्यांचा झाला, नेहमीची तपासणी फोनवर गेली आणि आप्पांच्या अंगात चोर शिरला. कारण उशाखालचा खाऱ्या दाण्यांचा डबा. बीपी वाढलेलं निघालं की तो जप्त होणार. आणि बायको गेल्यापासून त्यांची संध्याकाळ त्या डब्याच्याच सोबतीनं जात होती.

सून कारखान्यात पॅकिंगला होती. दुपारपाळीची घाई. वाद घालण्यापेक्षा हात देणं सोपं. तिनं पट्टा बांधला, आप्पांनी फोन मशीनवर रोखला.

"एकशे सत्तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालचं एकशे दहा? आप्पा, काय करून ठेवलंत हे?"

आप्पांनी ज्या पासावर भरवसा ठेवला तोच बाद निघाला होता.

"मशीन बिघडलंय," सून पुटपुटली.

"दुसऱ्या हाताला लावा बघू."

याहून वाईट काय निघणार, म्हणून आप्पांनी आता स्वतःचा दंड पुढे केला. एकशे अठ्ठावीस, खाली ऐंशी.

बाईंचा आवाजच बदलला. "दोन हातांत एवढा फरक? आप्पा, हलू नका. मोठ्या रक्तवाहिनीला काही झालेलं असू शकतं. मुलाला बोलवा, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या."

मुलगा आतल्या खोलीतून ऑफिसची मीटिंग टाकून धावत आला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. "बोलू नका, नुसता श्वास घ्या," म्हणत तो गाडीची किल्ली शोधू लागला. मोठ्या हॉस्पिटलात साथीचे रोगी जिन्यापर्यंत झोपवले होते. तिथं धडधाकट माणूस न्यायचा म्हणजे पोहायला येत नसताना विहिरीत ढकलायचा.

"ते दोन हात एकाच माणसाचे नव्हते," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिला हिचा होता."

मुलगा किल्ली शोधायचा थांबला. "आप्पा, या वयात कॉपी?"

बाई मात्र हसल्या नाहीत. "पट्टा पुन्हा सूनबाईंना बांधा."

पुन्हा तेच. एकशे सत्तरच्या आसपास.

"शेवटची तपासणी कधी केली होती?"

"कारखान्यात दरवर्षी व्हायची. साथ आली, बंद पडली."

"डोकं दुखतं?"

"दुखतं. पण ते काय, दुखतंच."

दुखतंच म्हणे. म्हाताऱ्यासाठी घरात मशीन आलं, फोनवर डॉक्टर आली. जी दोन वेळा घरच्यांना जेवू घालून कामावर जाते, तिच्या दंडाला पट्टा लागला तोही चोरून, दुसऱ्याच्या नावावर. लाज वाटावी अशीच गोष्ट. आप्पांना वाटली. मुलाला किती वाटली कोण जाणे, पण बाईंनी गोळी सांगताच तो बर्मुड्यावरच औषधाच्या दुकानाकडे पळाला.

आप्पांनी डबा आणून टेबलावर ठेवला. "आजपासून बंद. घरात मीठच नको."

"त्यात मीठ कुठंय, आप्पा? अंथरूण मीच काढते ना तुमचं. खारे काढून घेते, साधे भाजलेले भरते. चार महिने झाले."

आप्पांनी दोन दाणे तोंडात टाकले. अळणीच. ते त्यांना कधीचे अळणी लागत होते. पण चव गेली म्हटलं की साथ लागली म्हणून मागच्या खोलीत कोंडतील, या भीतीनं बिचारे मान डोलावत खात होते.

"मग ते खारे कुठं जातात?"

"टाकून कसे देणार? कामावर नेते. मीच संपवते."

एवढं बोलून ती पिशवी घेऊन निघाली. आप्पा दारात आडवे उभे राहिले आणि नोकरीतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "पिशवी दाखवा."

पुडी निघाली. आप्पांनी ती जप्त केली, सुनेला आपल्या आरामखुर्चीत बसवलं, आज कामावर जायचं नाही म्हणून बजावलं आणि छाती काढून स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळानं आतून दबका आवाज आला, "सूनबाई, हा गॅस पेटतो कुठून?"