पंचविसावं नाव

आमच्या शेजारच्या अश्विनीताईने शेवभाजी खायला बोलावलं की सहा-सहा फुटी माणसं निमित्तं शोधू लागतात. ताई जळगावची, त्यामुळे भाजी जहाल असते हे खरं. पण भीती त्याची नाही. ताई एका व्यावसायिक बेसबॉल क्लबची जनरल मॅनेजर आहे. खेळाडू कोण घ्यायचा, कोण काढायचा, हे ती ठरवते. काढायचा असेल तर ईमेल पाठवत नाही. घरी बोलावते, स्वतः वाढते आणि दुसरी पोळी संपली की सांगते, "सॉरी मेट, यू आर ऑफ द लिस्ट." एका धिप्पाड पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, आमंत्रण येताच पोटदुखीचं सोंग घेतलं, तर ही डबा घेऊन त्याच्या घरी गेली.

शाळेत असताना ही जिल्ह्याकडून सॉफ्टबॉल खेळायची. इथे परदेशात युनिव्हर्सिटीत शिकायला आली, क्लबच्या तिकीटखिडकीत शनिवार-रविवार बसू लागली आणि अकरा वर्षांत मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचली. त्या लीगमध्ये या खुर्चीत बसलेली ही पहिली बाई. पहिल्याच मीटिंगला एका कोचने तिला कॉफी आणायला सांगितली. तिने आणली, त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसून त्याचं काँट्रॅक्ट वाचायला घेतलं.

"यादी आधी, भावना नंतर," हे तिचं पालुपद. क्रेगीबर्नच्या आमच्या गल्लीतली माणसंसुद्धा तिला खेळाडूच दिसतात. माझ्या मुलीला म्हणाली, "धावतेस छान, पण उशिरा निघतेस." माझ्याकडे नीट निरखून पाहून बायकोला सल्ला दिला, "याला अजून एक सीझन ठेवून बघ." बायको अजून विचार करते आहे.

मग कोविड आला. आमचा लांबलचक लॉकडाऊन एकदाचा उठला आणि लीगने ठरवलं की सगळ्या टीम दुसऱ्या राज्यात एका हॉटेलात ठेवून तिथेच सामने खेळवायचे. ताई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "क्लबचे प्रेसिडेंट स्वतः येणारेत तिथे. पुढचं काँट्रॅक्ट तिथेच ठरेल. मी टीमबरोबर दिसले नाही, तर डेप्युटी टपलेलाच आहे. माझी खुर्ची गेलीच समज." आठ दिवस आधीच तिची बॅग भरून दाराशी उभी होती.

निघायच्या दिवशी सकाळी बातमी आली: राज्याची सीमा संध्याकाळी सहाला बंद. बस दोनच्या आत हायवेला लागायलाच हवी होती. त्यात परमिट खेळाडू आणि स्टाफ मिळून सव्वीसऐवजी पंचवीस जणांचंच मिळालं. सही केलेली यादी दीडपर्यंत पाठवली नाही तर सगळी टीम इथेच अडकणार. एक नाव कापायचं होतं.

मी गॅरेजमध्ये लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करत होतो. साडेबाराला शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी ओळखलं, कुणाचं तरी नाव कापलं जाणार. बाहेर डोकावलो. ताईच्या ओसरीवर ब्रॅड बसला होता, बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्या तिच्या दोन कॅचरपैकी म्हातारा. म्हातारा म्हणजे अडतीसचा. आठवडाभर प्लंबिंग करून वीकेंडला खेळणारा. लॉकडाऊनमध्ये कामं बंद पडली, तेव्हा हा रोज गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारत बसायचा. हा त्याचा शेवटचा सीझन होता. बिचारा घामाघूम होऊन, मान खाली घालून चमच्याने रस्सा पीत होता. पहिली पोळी संपली. दुसरी संपली. ताई समोर दीड मीटरवर हाताची घडी घालून उभी. मी गॅरेजच्या दारातून ऐकत होतो.

"अजून एक घे," ताई इंग्रजीत म्हणाली.

तिसरी पोळीही संपली. शेवटी ब्रॅडच म्हणाला, "बॉस, जस्ट से इट."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "बस दोनला सुटेल. उशीर केलास तर थांबणार नाही," असं म्हणून ताट उचलून आत गेली. ब्रॅड तसाच बसून राहिला. मग एवढा मोठा गडी बाहीने डोळे पुसायला लागला. तिखटाने असेल, असं मी तेव्हा समजलो.

एक वीसला ताई धावत माझ्या गॅरेजमध्ये आली. "माझा प्रिंटर बंद पडलाय. पटकन छापून दे. सही करून स्कॅन करायचंय."

मी यादी छापली. छापता छापता सवयीने वर-खाली नजर फिरवली आणि दचकलो. "ताई, थांब! चूक झालीये. तुझंच नाव राहिलंय."

"पंचवीस आहेत ना?"

"आहेत, पण त्यात तू..."

"मग बरोबर आहे. पेन दे."

"अगं, प्रेसिडेंट? खुर्ची?"

"एकच कॅचर नेऊ? बोट मोडलं तर कोण उभं राहील तिथे, मी?" ती खेकसली. सही करण्याआधी मात्र तिने यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. दीडला तीन मिनिटं असताना यादी गेली.

दोनला बस गेली. सगळं नीट पार पडलं म्हणून मी तिला शाबासकी द्यायला बाहेर आलो, तर ताई ड्राइव्हवेमध्ये स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतीच बसलेली. इंजिन बंद.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही." तिने काच खाली केली. डोळे लाल झाले होते. "खूप वाईट वाटतंय रे. इतकी वर्षं धावले, आणि आज स्वतःलाच काढलं. ब्रॅडला सांगताच येईना मला. पहिल्यांदाच." तिने किल्ली काढून मांडीवर ठेवली. "वर्षभर टीमशी रोज फोन, रोज भांडणं. आता महिनाभर ती सगळी तिकडे. घरात गेलं की कळेल, आत कुणी नाही ते. म्हणून बसलेय. तू जा, तुझी शिफ्ट असेल."

शिफ्ट होती. तीनची मीटिंगही होती. मी गॅरेजमधली खुर्ची आणली, दीड मीटर अंतर मोजून तिच्या गाडीशेजारी मांडली आणि बसलो.

"काय करतोयस?"

"काही नाही. बसलोय."

तिने काच वर केली नाही.