झाकण बसलं ते बसलंच

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सासूबाईंची कवळी कागदाच्या डबीत गेली. चार वाजले तरी ती बाहेर आली नव्हती, आणि पाच वाजता वाचनालयाच्या सभेत सासूबाईंना बोलायचं होतं.

डबी जावयाने घडवली होती. जावई सुतार. वाचनालयाला नवी कपाटं करून घ्यायची होती, त्याचा निर्णय आजच्या सभेत व्हायचा होता, आणि सासूबाई वाचनालयाच्या अध्यक्ष. त्यांनी नाव सुचवलं की काम मिळाल्यात जमा. अडचण एवढीच, की जावयाने पूर्वी त्यांना करून दिलेल्या कपाटाचा खण एकदा लावला की उघडायचं नाव घेत नसे. सासूबाई हे कुणाला नुसतं सांगत नसत. प्रत्येक पाहुण्याला खण ओढायला लावत.

बायको कागदकामाचे वर्ग घ्यायची. जेवणं उरकून ती उद्याच्या वर्गासाठी झाकणाच्या डब्या घडवत बसली होती. डिंक नाही, टाचणी नाही, नुसत्या घड्या. खालच्या भागाचा चौकोन किंचित लहान कापायचा, म्हणजे झाकण अलगद बसतं. जावयाने एक डबी उचलून कानाशी हलवली.

"हे झाकण आहे की डोक्यावरची टोपी? डुलतंय."

"डुलायलाच हवं, अहो. नाहीतर निघणार कसं?"

"डुलतं ते काम कच्चं," जावई म्हणाला, आणि इथे खरी सुरुवात झाली.

त्याने पिशवीतून जाड, गुळगुळीत कागद काढला. गुण्या लावून दोन चौकोन अगदी सारखे कापले आणि प्रत्येक घडी पटाशीच्या मुठीने दाबून धारदार केली. झाकण तळापर्यंत उतरणार होतं. बोट घालायला कडच उरणार नव्हती. बायकोने हे दोनदा सांगून पाहिलं. तो काम करताना कुणाचं ऐकत नसे.

सासूबाई आरामखुर्चीतून बघत होत्या. "जावईबापू, तुमच्या हातचं मिटतं झकास. प्रश्न पुढचा असतो. ही डबी न फाडता उघडून दाखवा, आज तुमचंच नाव सुचवते."

"दाखवतो की."

"पण रिकामी नको. आत काही मोलाचं असलं म्हणजे हात जपून चालतो."

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि डबीत ठेवली. जावयाने झाकण दाबलं. आतली हवा फुस्स करून बाहेर गेली आणि त्या जागी दुसरी यायला वाट राहिली नाही.

सासूबाईंचं बोळकं आजवर जावयाने पाहिलेलं नव्हतं, आणि आजही ते दाखवायचा त्यांचा इरादा नव्हता. त्यांनी तोंडाला पदर लावला. पुढचं सगळं त्या लेकीच्या कानात सांगू लागल्या आणि लेक ते मोठ्याने सांगू लागली.

आधी जावयाने नखं लावली, मग पातळ पोलादी पट्टी. मग किटलीची वाफ दिली. त्याने कागद फुगला आणि झाकण आणखी आवळलं. बायकोने तळाला सुईने भोक पाडायचं सुचवलं. पदराआड कुजबुज झाली.

"आई म्हणतेय, भोक म्हणजे फाडणंच."

शेवटी त्याने काच उचलायच्या रबरी वाट्या आणल्या. एक झाकणाला चिकटवली, एक तळाला. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, पाय रोवून दोघांनी ओढलं. वाट्या सुटल्या, दोघं आपापल्या भिंतीला टेकली, आणि डबी पंख्याला लागून सासूबाईंच्या मांडीत पडली. मिटलेली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. चारही कोपरे शाबूत. मग पुन्हा कुजबुज झाली, जरा लांबलेली.

"काय म्हणतात?" जावयाने घाबरत विचारलं.

"रिक्षा बोलवा म्हणतेय. डबी सोबत घेणार आहे."

सभेत सासूबाईंनी डबी टेबलावर ठेवली. लेक त्यांच्या खुर्चीमागे उभी. "आई म्हणतेय, हे आमच्या जावयांनी केलंय. उघडून बघा, पण फाडायची नाही." जावई शेवटच्या रांगेत खांबाआड बसला होता. 'आमच्या जावयांनी' हे शब्द त्या घरातून तो पहिल्यांदाच ऐकत होता, आणि ते ऐकून त्याला पळून जावंसं वाटत होतं.

चिटणिसांनी प्रयत्न केला. वकीलसाहेबांनी चष्मा काढून केला. निवृत्त व्यायामशिक्षकांनी डबी गुडघ्यांत धरून केला. याच कामासाठी आलेला फर्निचरवाला पुढे झाला, घामाघूम झाला आणि मागे जाऊन बसला. सभागृहात आदराची कुजबुज पसरली. कागदाचं झाकण असं बसतं, तर लाकडाचं कसं बसेल, असं कुणीतरी म्हणालं. कपाटांचा विषय पुकारला गेला. पण नाव अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने सुचवायचं असा नियम चिटणिसांनी दाखवला, आणि अध्यक्षांनी डबीकडे बोट केलं.

तेव्हा व्यायामशिक्षकांना सुचलं. "अहो, ज्याने केली त्यालाच बोलवा ना. तो उघडेल एका झटक्यात."

टाळ्या पडल्या. माना वळल्या. पदराच्या वरून सासूबाईंचे डोळे थेट खांबावर येऊन थांबले.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार जावई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्या बुटाची अजून बाकी होती.